शीर मोकळी करायची, पण कुठली?

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले, चार एकर द्राक्षबाग आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी झटके आले होते, तेव्हापासून उजवी बाजू कमजोर. डॉक्टर हेमिप्लेजिक सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूच्या दुखापतीने शरीराच्या एका बाजूला आलेला दोष) म्हणतात. बोलायला हुशार, पाढे वर्गात सगळ्यांच्या आधी पाठ. चालतो, पळतोही, पण उजवा पाय चवड्यावर टाकतो आणि पाऊल आत वळतं. उजव्या बुटाचं टोक दोन महिन्यांत झिजून भोक पडतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोटरीत आणि पायाच्या आतल्या बाजूला बोटॉक्सची, म्हणजे आखडलेला स्नायू सैल करणारी, इंजेक्शनं दिली, थोडा फरक वाटतो.

नाशिकच्या एका सर्जननी सांगितलं, टाचेची शीर (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि आतली शीर मोकळी करू, दिवाळीच्या सुट्टीत उरकून टाकू. दुसरे डॉक्टर म्हणाले, आधी मुंबईला चालण्याची तपासणी करून या, त्यात स्नायूंची ईएमजी (स्नायूंच्या विद्युत संकेतांची नोंद) होते, मग ठरवू. सासरे म्हणतात, आपल्या भावकीतल्या काकांचं पोलिओचं ऑपरेशन लहानपणी झालं, डॉक्टरांनी नुसता हात लावून ठरवलं, आजही ते शेतात जातात. ही मशीनं पैसे काढायला आहेत. करंटची टेस्ट तर आम्ही दोन वर्षांपूर्वी केली होती, नॉर्मल आली. मग परत तीच का? त्यात सुया टोचतात असंही ऐकलं. तेवढ्यासाठी पोराला मुंबईला न्यावं का?

— एक आई, निफाड तालुका

उत्तर

ताई, आधी उत्तर सांगते, मग कारणं. तपासणी करून घ्या. पण आत्ता नाही, डिसेंबरात. आणि दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन उरकून टाकायची घाई करू नका. काही महिने थांबल्याने तुमच्या पोराच्या पायाचं काही बिघडणार नाही, पण चुकीची शीर सैल झाली तर ती पुन्हा होती तशी करणं फार अवघड असतं.

बावीस वर्षं नाशिकमध्ये फिजिओथेरपी करते आहे. सीपीची पोरं रोज माझ्या हाताखालून जातात. तरीही पाऊल आत का वळतंय हे नुसतं बघून सांगताना मी चुकलेली आहे. एका मुलीबद्दल मी छातीठोकपणे सांगितलं होतं की दोष नडगीच्या मागच्या, खोलवरच्या स्नायूचा आहे. तपासणीत निघालं की तो बिचारा आपल्या वेळेवर काम करत होता. पुढचा स्नायू मात्र पाऊल जमिनीवर असतानाही सुटायला तयार नव्हता. माझ्या शब्दावर ऑपरेशन झालं असतं तर त्या मुलीचा चांगला स्नायू सैल झाला असता आणि वाकडा तसाच राहिला असता. तेव्हापासून पाऊल आत वळत असेल तर मी पालकांना तपासणीचा आग्रह धरते.

आता तुमच्या सासऱ्यांच्या मुद्द्याकडे येते, कारण तो खरा आहे आणि त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. भावकीतल्या काकांच्या डॉक्टरांनी हात लावून ठरवलं ते बरोबरच होतं. पोलिओ मणक्यातल्या ज्या पेशी स्नायूला हुकूम देतात त्यांनाच मारतो. मग तो स्नायू लुळा पडतो. कुठला स्नायू जिवंत, कुठला मेलेला, कुठल्यात किती जोर उरलाय, हे कसलेल्या डॉक्टरला हाताने जोर लावून कळतं. जिवंत स्नायूची शीर मेलेल्याच्या जागी जोडली की काम भागतं. आपल्याकडच्या ऑर्थोपेडिक सर्जनांच्या पिढ्याच्या पिढ्या पोलिओच्या पायांवर हे काम शिकल्या. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

तुमच्या पोराचं दुखणं वेगळं आहे. त्याचा एकही स्नायू मेलेला नाही. दुखापत मेंदूला झाली आहे आणि त्यामुळे हुकूम देण्याची शिस्त मोडली आहे. जो स्नायू पाय उचलताना चालायला हवा तो पाय टेकल्यावरही चालू राहतो, ज्याने गप्प बसायचं तोच मध्ये ओढ घेतो. शिवाय झटकन ताणला की तो आणखी आखडतो. तुम्ही हळू पाऊल वर केलंत तर येतं आणि पटकन केलंत तर मध्येच अडकतं, हे तेल लावताना तुमच्या हाताला कळलंच असेल. यालाच डॉक्टर स्पास्टिसिटी म्हणतात. असा मुलगा टेबलावर निजला असताना स्नायू एक बोलतो आणि उभा राहून चालायला लागला की दुसरंच. म्हणून पोलिओच्या पायाला पुरणारा हात सीपीच्या पायाला एकटा पुरत नाही. आजोबांना हे असंच सांगा. त्यांचा अनुभव खोटा नाही, तो दुसऱ्या आजाराचा आहे.

हा फरक ज्यांनी नीट मांडला त्यातलं एक मोठं नाव डॉ. जॅकलिन पेरी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात त्या फिजिओथेरपिस्ट होत्या, नंतर डॉक्टर आणि ऑर्थोपेडिक सर्जन झाल्या. लॉस एंजेलिसजवळच्या रांचो लॉस अमिगोस रुग्णालयात त्यांनी आधी पोलिओचेच रुग्ण बघितले. पुढे १९७७ मध्ये त्यांनी आणि डॉ. हॉफर यांनी सीपीच्या मुलांच्या शिरा दुसरीकडे जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर, हालचाल चालू असताना ईएमजी करून बघण्याबद्दल लिहिलं. म्हणजे ही तपासणी कालपरवा कुणी विकायला आणलेली नाही.

आता एक करून बघा. हे वाचता वाचता उभ्या राहा. उजव्या नडगीच्या हाडाला लागून बाहेरच्या बाजूला चार बोटं ठेवा. टाच जमिनीवर ठेवून चवडा वर उचला. बोटांखाली स्नायू टणक झाला ना? हा पुढचा स्नायू. आता बोटं तिथेच ठेवून दोन पावलं हळू चाला. पाय हवेत असताना तो टणक होतो, टाच टेकून पाऊल खाली येईपर्यंत धरून ठेवतो आणि मग सुटतो. दुसरा हात पोटरीवर ठेवलात तर तिथे उलटं दिसेल. पाय जमिनीवर असताना, अंग पुढे जाताना पोटरी टणक होते आणि पाय उचलला की सैल पडते. एका पावलाच्या फेऱ्यात साधारण ६० टक्के वेळ पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. तेवढ्या सेकंदभरात पायातले सगळे स्नायू अशा पाळ्या लावून काम करतात. ईएमजी ही पाळी वाचते. कुठला स्नायू केव्हा चालू झाला आणि केव्हा बंद, हे चालता चालता कागदावर उतरतं.

दोन वर्षांपूर्वी केली ती टेस्ट वेगळी. तिथे मुलाला झोपवून नसेला बारीक करंट देतात आणि नस तो पुढे कसा नेते ते बघतात, कधी स्नायूत सुई घालून तो निरोगी आहे का ते पाहतात. तुमच्या मुलाची नस आणि स्नायू मुळात चांगलेच आहेत, त्यामुळे ती नॉर्मल येणारच होती. या नव्या तपासणीत करंट देत नाहीत. स्नायू स्वतः जे बारीक विद्युत संकेत सोडतो ते फक्त ऐकतात. नाव एकच असल्यामुळे घोळ होतो, तुमचा झाला त्यात नवल नाही.

मग पाऊल आत वळण्याचं काय? त्याला मुख्यतः दोन स्नायू कारण असू शकतात. एक, आत्ता तुम्ही बोटांनी चाचपलात तो पुढचा. दुसरा, नडगीच्या मागे पोटरीच्याही खाली दडलेला, ज्याची शीर घोट्याच्या आतल्या बाजूने तळपायात उतरते. कधी पुढचा दोषी असतो, कधी मागचा, कधी दोघेही. बाहेरून पाऊल तिन्ही वेळा आतच वळलेलं दिसतं. हवेत असताना वळलं तर पुढचा आणि टेकल्यावर वळलं तर मागचा असा एक ढोबळ ठोकताळा आहे, पण त्याच ठोकताळ्यावर मी तोंडघशी पडले होते. ऑपरेशन मात्र दोघांचं वेगळं. पुढचा स्नायू सतत ओढत असेल तर त्याच्या शिरेचा अर्धा भाग सोडवून पावलाच्या बाहेरच्या कडेला बसवतात, म्हणजे ओढ दोन्ही बाजूंना सारखी होते. मागचा असेल तर त्याची शीर लांबवतात किंवा तिचा अर्धा भाग बाहेर नेतात. दोषी नसलेली शीर मोकळी केली तर दोनपैकी एक घडतं. पाऊल आहे तसंच आत राहतं, नाहीतर काही वर्षांत बाहेर कलंडून सपाट होतं. सपाट होऊन बाहेर गेलेलं पाऊल सावरणं आणखी कठीण.

तुम्ही द्राक्षवाले आहात, म्हणून हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजेल. गोडी छाटणीच्या आधी काड्या तपासायला देता ना? वरून सगळे डोळे सारखेच दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली चिरून बघितल्यावर कळतं घड चौथ्या डोळ्यात आहे की सातव्या, आणि मग कात्री कुठे लावायची ते ठरतं. न बघता सरसकट आखूड छाटली तर वेल हिरवागार फुटतो आणि घड मात्र लागत नाहीत. चूक पुढच्या हंगामात सुधारता येते. पोराच्या पायाला पुढचा हंगाम नाही. बागेच्या काडीसाठी जी तपासणी घरात कुणाला फालतू वाटत नाही, तिची आठवण सासऱ्यांना करून द्या.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. बुटाचं टोक झिजतं. दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्यात त्याचा उल्लेख नाही. टोक झिजतं म्हणजे पाय पुढे घेताना ते जमिनीला घासतंय. चवडा खाली लोंबत असेल तर घासेलच. पण गुडघा वेळेवर पुरेसा वाकत नसेल तरीही घासेल. मांडीच्या पुढच्या बाजूचा, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत जाणारा लांब स्नायू पाय हवेत असताना चालूच राहिला तर गुडघा काठीसारखा ताठ राहतो. मुलं मग कंबर उचलून किंवा पाय बाहेरून गोल फिरवून पुढे नेतात. घरी एक खूण बघता येईल. त्याला पालथं झोपवा आणि उजवा गुडघा झटकन दुमडा. त्या बाजूचं बूड वर उचललं गेलं तर हा स्नायू आखडलेला असण्याची शक्यता आहे. ही फक्त शंका घ्यायची खूण, निकाल नव्हे. चालताना तो नेमका कधी चालू असतो हे ईएमजीच सांगते. तो दोषी निघाला तर त्याची शीर गुडघ्याच्या पुढून काढून मागे जोडतात, म्हणजे गुडघा ताठ ठेवणारी ओढ जाते. घोट्याचं ऑपरेशन उत्तम झालं आणि गुडघा तसाच राहिला तर बूट झिजतच राहील, आणि वर्षाभराने तुम्हाला पुन्हा टेबलावर जायला सांगतील. कॅनडाचे डॉ. मर्सर रँग याला वाढदिवसाचं दुखणं म्हणायचे. दरवर्षी एक ऑपरेशन, दर वाढदिवस रुग्णालयात. म्हणून आता जे करायचं ते सगळं नीट ठरवून शक्यतो एकाच वेळी करतात.

या तपासणीच्या मर्यादाही सांगते. ईएमजी स्नायूचा जोर मोजत नाही, तो चालू की बंद आणि कधी, एवढंच सांगते. स्नायू आखूड झालाय का हेही ती थेट सांगत नाही. कागदावर स्नायू शांत आहे आणि पाऊल तरीही वर येत नाही, तर समजायचं की आता हुकमाचा दोष कमी आणि स्नायू लांबीलाच तोकडा पडलाय. तुमच्या मुलाच्या पोटरीबद्दल मला ईएमजीपेक्षा हाताने बघणंच महत्त्वाचं वाटतं. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर करायचं, मग गुडघा वाकवून करायचं. वाकवल्यावर सहज येत असेल तर पोटरीचा फक्त वरचा, गुडघ्यावरून जाणारा भाग आखूड आहे, आणि तेवढाच सैल करून भागतं. दोन्ही वेळा अडकत असेल तर टाचेची शीर लांबवायचा विचार येतो. बऱ्याचदा ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिल्यावर हे शेवटचं तपासतात, कारण भुलीत आखडणं नाहीसं होतं आणि खरा तोकडेपणा तेवढा उरतो.

शिवाय पाऊल आत वळण्याला कधी स्नायूचा दोषच नसतो. मांडीचं हाड आतल्या बाजूला पिळलेलं असलं तर गुडघ्यासकट सगळा पाय आत बघतो. चालताना त्याचा गुडघा सरळ पुढे आहे आणि पाऊल तेवढं आत, की गुडघाही आत? हे बघून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

आणि प्रत्येक सीपीच्या मुलाला ही तपासणी लागते असंही नाही. जी मुलं चालूच शकत नाहीत, ज्यांचा खुबा निखळण्याच्या बेतात आहे, त्यांना ईएमजीसाठी मुंबईला फिरवण्यात अर्थ नाही, त्यांना वेळेवर एक्स-रे हवा. जे मूल चालतं, ज्याचं पाऊल वाकडं वळतं आणि जिथे दोन डॉक्टरांचं एकमत नाही, तिथे ती खरी उपयोगी. तुमचा मुलगा नेमका त्यात बसतो.

हाताबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण उजवी बाजू म्हटल्यावर मनगटही खाली वाकत असेल. तिथेही हेच तत्त्व. मनगट खाली ओढणाऱ्या स्नायूची शीर मागे नेऊन जोडतात, पण तो स्नायू मूठ वळताना काम करतो की मूठ उघडताना, त्यावर ती मनगट उचलणाऱ्या शिरेला जोडायची की बोटं उघडणाऱ्या, हे ठरतं. आत्ता पायाचं बघा. हाताचं नंतर बोलू, वेगळं पत्र लिहा.

डिसेंबर का म्हटलं ते सांगते. बोटॉक्सचा असर तीन ते चार महिने राहतो. ज्या स्नायूला इंजेक्शन दिलंय तो या काळात मुद्दाम गप्प केलेला असतो. आत्ता तपासणी केली तर तो निर्दोष दिसेल आणि अहवाल चुकीच्या वाटेने नेईल. ऑगस्टचा पहिला आठवडा धरला तर डिसेंबर उजाडेपर्यंत असर उतरलेला असेल. मधल्या काळात नवं इंजेक्शन घेऊ नका, आणि आखडणं कमी करायच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीच्या ठिकाणी तसं सांगा. तुमच्या सोयीनेही हेच बरं. ऑक्टोबरात छाटणी, मग डिपिंग आणि फवारण्या, घरात कुणाला उसंत नसते. ऑपरेशन ठरलंच तर वार्षिक परीक्षेनंतर होऊ द्या. तोवर माल निघालेला असेल. नंतर काही आठवडे प्लास्टर, मग नवा स्प्लिंट, मग रोजचा फिजिओ, आणि चाल बसायला वर्षभरही लागतं. त्या वर्षात त्याच्याजवळ रोज एक माणूस मोकळं हवं. खरड छाटणीला कोण जाईल आणि पोराजवळ कोण बसेल, हे ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी घरात बोलून घ्या. मी बघितलेल्या घरांमध्ये ऑपरेशन चांगलं होऊनही चाल बिघडली ती बहुतेकदा या वर्षात.

वयाबद्दल भीती असेल की उशीर होतोय, तर तसं नाही. फार लहानपणी टाचेची शीर लांबवली की हाडं वाढतात आणि स्नायू पुन्हा तोकडा पडतो. माझ्याकडे सिडकोतला एक मुलगा येतो, त्याचे दोन्ही पाय सीपीचे. चार वर्षांचा असताना एका ठिकाणी दोन्ही टाचांच्या शिरा लांबवल्या, जरा जास्तच. टाच टेकली म्हणून घरात पेढे वाटले. अकराव्या वर्षी तो गुडघे वाकवून, बसल्यासारखा चालायला लागला, कारण अंग पेलून धरणारी पोटरीच ढिली झाली होती. त्याची आई मला अजून विचारते की तेव्हा थांबलो असतो तर काय झालं असतं. मी तिला काय सांगू? नऊ-दहा वर्षांचं वय अशा ऑपरेशनसाठी चांगलं आहे. मुलाला सांगितलेलं कळतं आणि व्यायामही करून घेता येतो.

तपासणीच्या दिवशी काय होतं ते त्यालाही सांगता यावं म्हणून लिहिते. मोठी खोली असते, मधून चालायची वाट, कडेने कॅमेरे. आखूड चड्डी घालायला देतात. पायाची कातडी स्पिरिटने पुसतात, स्नायूंवर गोल चिकटपट्ट्या लावतात, सांध्यांवर चमकणारे छोटे गोळे. मग तो अनवाणी आणि नंतर स्प्लिंट घालून ये-जा करतो, पुन्हा पुन्हा. सगळं धरून दोन-तीन तास जातात, मूल दमतं. डबा आणि पाणी जवळ ठेवा. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून, घाईघाईने पोचून लगेच चालायला लावू नका, जमलं तर आदल्या दिवशी जाऊन राहा. दमलेलं मूल वेगळं चालतं. स्प्लिंट, रोजचे बूट आणि जुने कागद बरोबर न्या.

सुईचं खरं आहे, पण अर्धंच. वरवरच्या स्नायूंना चिकटपट्ट्या पुरतात. मागचा दडलेला स्नायू मात्र वरून ऐकू येत नाही, शेजारच्या पोटरीचा आवाज त्यात मिसळतो. म्हणून त्याच्यासाठी, आणि काही ठिकाणी मांडीच्या स्नायूसाठीही, बारीक सुईतून केसापेक्षा पातळ तार आत सोडतात. सुई लगेच बाहेर काढतात, तार राहते, आणि तार घेऊनच मूल चालतं. टोचताना दुखतं, नंतर फारसं नाही. आधी सुन्न करणारं मलम लावता येतं का ते फोनवरच विचारा. त्याच फोनवर आणखी एक विचारा, मागच्या खोल स्नायूची तार तिथे घालतात का. नुसत्या चिकटपट्ट्यांची तपासणी असेल तर तुमचा मुख्य प्रश्न सुटायचा नाही, आणि मग एवढं लांब जाण्यात फायदा नाही.

अहवाल हातात आल्यावर दोन्ही डॉक्टरांकडे जा. त्यांना विचारा, आत वळण्याला कुठला स्नायू कारण आहे असं तुम्हाला वाटतं, आणि अहवाल ते म्हणतोय का? गुडघ्याचं काय करायचं? हाड बघितलं का? यानंतर पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता किती? पहिल्या सर्जनना टाळू नका. त्यांच्या हाताला अनुभव आहे आणि पोटरीबद्दल ते बरोबरही असतील. जो डॉक्टर अहवाल आणि स्वतःची तपासणी शेजारी ठेवून तुमच्याशी बोलेल, त्याच्याकडे ऑपरेशन करा. नुसता अहवाल बघून शिरा ठरवणारा नको आणि अहवाल उघडूनही न बघणाराही नको.

पैशांचं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे, खासगी ठिकाणी पैसे भरण्याआधी तिथल्या ओपीडीत दाखवून काय काय होऊ शकतं ते विचारा. सीपी हा दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत येतो, तेव्हा मुलाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर जिल्हा रुग्णालयातून काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना सीपीच्या मुलांसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, बिल झाल्यावर नको.

आणि मोबाइलवर आत्ताच एक व्हिडिओ काढून ठेवा. अनवाणी, चड्डीवर, समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी, फोन त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर धरून. अंगणातल्या फरशीवर, सकाळी, ताजा असताना. डिसेंबरात असाच पुन्हा काढा. बोटॉक्समुळे पाय कसा चालत होता आणि असर उतरल्यावर कसा, हे डॉक्टरांना शेजारी शेजारी दाखवता येईल.

सुईबद्दल त्याला आदल्या रात्री खरं सांगा. ज्याला पाढे सगळ्यांच्या आधी येतात त्याला हेही कळेल. आणि तपासणीच्या दिवशी सकाळी आजींनी मायेने पायाला तेल चोळायला घेतलं तर तेवढा एक दिवस थांबवा, तेलकट कातडीवर त्या पट्ट्या चिकटत नाहीत.